मतदार यादीतले पाटील

जून २०२२ मध्ये महाराष्ट्रात एक वाद पेटला आणि थोड्याच दिवसांत विझलाही. स्थानिक स्वराज्य संस्थांमधल्या ओबीसी आरक्षणासाठी तपशील गोळा करायला राज्य सरकारने जयंतकुमार बांठिया यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमला होता. हा आयोग मतदार यादीतल्या आडनावांवरून कोण ओबीसी आणि कोण नाही हे ठरवतो आहे, असा आक्षेप सत्तेतल्या आणि विरोधातल्या, दोन्हीकडच्या नेत्यांनी घेतला. मग महिनाअखेरीस सरकार बदललं आणि जुलैत अहवाल आला. ओबीसींची संख्या सुमारे ३७ टक्के असल्याचं त्यात म्हटलं होतं. २० जुलैला सर्वोच्च न्यायालयाने त्याप्रमाणे निवडणुका घ्यायला मोकळीक दिली. आरक्षण मिळालं म्हणून सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला आणि लोकसंख्या मोजली कशी गेली हा प्रश्न सगळ्यांनाच नकोसा झाला.

तो प्रश्न तेव्हा सोडून देणं ही मोठी चूक होती, असं माझं ठाम मत आहे. आता २०२७ च्या जनगणनेत जातींची नोंद व्हायची आहे. त्याआधी या प्रश्नाचा निकाल लागला नाही, तर तीच चूक देशभर होईल.

मतदार यादीचं एखादं पान समोर धरून बघा. नाव, वडिलांचं किंवा पतीचं नाव, घर क्रमांक, वय, लिंग. जातीचा रकाना नाही, आणि नसायलाच हवा. आता समजा हे पान उरण तालुक्यातल्या एखाद्या गावचं आहे. पाटील, म्हात्रे, पाटील, घरत, ठाकूर, पाटील, पाटील. यातले बहुतेक पाटील आगरी असतील, काही कोळी. पान रावेर किंवा यावलचं असेल तर पाटील लेवा असतील, गुर्जर असतील, मराठा असतील. शिरोळ-हातकणंगल्याच्या पानावर जैन पाटील सापडतील, लिंगायत पाटील सापडतील, मराठा पाटील तर असतीलच, आणि नावं नीट वाचली तर मुसलमान पाटीलही सापडतील. पान बदललं की अर्थ बदलतो, पण छापलेली अक्षरं तीच राहतात. कार्यालयात बसून या यादीवर खुणा करणाऱ्याने ‘पाटील’पुढे काय लिहायचं?

आगरी इतर मागासवर्गात आहेत. लेवा पाटीलही आहेत. कोळ्यांचं तर आणखी गुंतागुंतीचं. महादेव कोळी अनुसूचित जमातीत, सोनकोळी विशेष मागास प्रवर्गात. जैन पाटील आणि लिंगायत पाटील यांच्यात पोटजातीप्रमाणे फरक पडतो. मराठा पाटलांच्या घरात जुनी ‘कुणबी’ नोंद निघाली तर ते ओबीसी, नाही निघाली तर नाही. २०२३ मध्ये निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती अशाच नोंदी शोधायला नेमली गेली. एकाच भावकीत, एकाच मूळ पुरुषाच्या वंशात, एका चुलत्याच्या शाळेच्या दाखल्यावर ‘कुणबी’ आणि दुसऱ्याच्या दाखल्यावर ‘मराठा’ असल्याचं त्या वेळी घराघरांत निघालं. आडनाव एक, बांध एक, कुलदैवत एक, प्रवर्ग दोन. आडनावाकडून याचं उत्तर मिळणार कसं?

हे असं का झालं, हे समजून घ्यायचं तर पाटील हा शब्द मुळात कशासाठी होता तिथवर मागे जावं लागतं. जुन्या कोरीव लेखांत ‘पट्टकील’ असं रूप येतं. गावाचा प्रमुख, राजसत्तेसमोर गावाच्या वतीने उभा राहणारा आणि गावासमोर राजसत्तेच्या वतीने उभा राहणारा माणूस. फारशी वळणाच्या कागदांत त्यालाच ‘मोकदम’ म्हटलं आहे. सारा गोळा करणं, पडीक जमीन लागवडीखाली आणणं, तंटे मिटवणं, चोरीचा माग काढणं ही त्याची कामं. त्या बदल्यात इनाम जमीन, हक्क आणि मान. पोळ्याला आधी पाटलाचे बैल, होळीला आधी पाटलाची पोळी. हे पद वंशपरंपरेने चालायचं, वाटलं जायचं आणि विकलंही जायचं. अर्धी पाटीलकी एका घराकडे, अर्धी दुसऱ्याकडे, अशी उदाहरणं जुन्या दप्तरांत भरपूर आहेत. ज्या गावात ज्या समाजाची वस्ती मोठी किंवा ज्याने गाव वसवलं, त्याच्याकडे पाटीलकी. कोळीवाड्यात कोळी पाटील, आगऱ्यांच्या गावात आगरी पाटील, जैनांच्या गावात जैन पाटील. त्या काळी पाटील असणं म्हणजे एक काम असणं. त्या माणसाचं आडनाव वेगळंच असायचं.

शिवाजी महाराजांचं २८ जानेवारी १६४६ चं रांझे गावच्या पाटलाविषयीचं पत्र सगळ्यांना माहीत आहे. स्त्रीवर अत्याचार केला म्हणून महाराजांनी त्याचे हातपाय तोडायची शिक्षा दिली. आपण ही गोष्ट ‘रांझ्याचा पाटील’ म्हणून सांगतो, पण पत्रातला माणूस आहे बाबाजी बिन भिकाजी गुजर. गुजर हे त्याचं आडनाव, पाटीलकी हे त्याचं वतन. गुन्हा घडला तेव्हा वतन काढून घेतलं आणि पुढे ते गुजरांपैकीच सोनजी या दुसऱ्या माणसाला दिलं. नाव घराण्याचं आणि पद गावाचं, हा भेद तेव्हाच्या माणसांच्या मनात किती स्वच्छ होता ते या एका कागदात दिसतं. महादजी शिंद्यांनाही लोक पाटीलबावा म्हणत. दिल्लीच्या बादशहाचा कारभार हाती असलेल्या सरदाराला गावच्या पाटीलकीचं नाव अभिमानाचं वाटत होतं, तरी ते शिंदेच राहिले.

पद आडनावात मुरलं ते प्रामुख्याने इंग्रजी अमलात, जेव्हा शाळा, कोर्ट, पलटण आणि महसूल खातं प्रत्येकाकडे एक पक्कं शेवटचं नाव मागू लागलं. कुणी गावाच्या नावाला ‘कर’ जोडून दिलं, कुणी धंदा सांगितला, कुणी हुद्दा सांगितला. जोतीरावांचं घराणं गोऱ्हे, ते फुलांच्या व्यवसायावरून फुले झालं. साताऱ्याच्या प्रतिसरकारचे नाना पाटील मूळचे पिसाळ. हुद्दा सांगणाऱ्यांत कुलकर्णी, देशमुख, देशपांडे, चौगुले, नाईक आले, पण सगळ्यांत जास्त पाटील, कारण प्रत्येक गावाला पाटील होताच आणि त्याच्या भावकीतला जो तो पाटील म्हणवून घेऊ शकत होता. विखे पाटलांसारख्या घराण्यांनी दोन्ही जपली, मूळ आडनावही आणि पदही. बाकीच्यांच्या मूळ आडनावाची आठवण तीन पिढ्यांत पुसली गेली.

मग पदच गेलं. वतनं एकामागून एक रद्द होत आली होती. १९६२ च्या कायद्याने मुलकी पाटलाचं वंशपरंपरागत पदही संपलं आणि महसुलाचं काम पूर्णपणे तलाठ्याकडे गेलं. उरला तो पोलीस पाटील. १९६७ च्या महाराष्ट्र ग्राम पोलीस अधिनियमाखाली त्याची नेमणूक होते, त्यासाठी किमान दहावी पास असावं लागतं, परीक्षा द्यावी लागते, जागांना आरक्षण आहे आणि आज कित्येक गावांत पोलीस पाटील बाई आहेत. २०२४ मध्ये त्यांचं मानधन महिना १५,००० रुपये झालं. आज कायद्याने खरोखर पाटील असलेल्या माणसाचं आडनाव कांबळे असू शकतं, मुलाणी असू शकतं, पावरा असू शकतं. आणि ज्यांच्या आडनावात पाटील आहे त्या लाखो लोकांचा गावाच्या कारभाराशी काडीचाही संबंध नसतो. ही फारकत मला फार मोलाची वाटते. या राज्याने एक वंशाचं पद कायद्याने सर्वांना खुलं केलं, ही साधी गोष्ट नाही.

यात एक गोष्ट लपवून चालणार नाही. पाटीलकीचा इतिहास नुसता मानपानाचा नाही. ज्यांच्या आजोबा-पणजोबांना पाटलाच्या वाड्यासमोर खाली मान घालून उभं राहावं लागलं, वेठ करावी लागली, जोहार घालावा लागला, त्यांच्या कानाला हा शब्द वेगळा लागतो. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात महार वतनाच्या गुलामीविरुद्ध विधेयक आणलं, ते याच गावगाड्याच्या विरोधात. म्हणून आपल्या आडनावापुढे नव्याने ‘पाटील’ लावून, गाडीच्या काचेवर ते ठसठशीत लिहून दरारा बसवायचा प्रयत्न जेव्हा मी पाहतो तेव्हा मला त्यात अभिमानापेक्षा संपलेल्या हुकमतीची हौस जास्त दिसते. अभिमान बाळगायचाच तर याच आडनावात केवढी तरी माणसं आहेत. चरीचा शेतकऱ्यांचा संप १९३३ पासून सहा वर्षं चालवणारे नारायण नागू पाटील. सिडकोने जमीन घेतली तेव्हा शेतकऱ्याला मोबदला आणि विकसित भूखंड मिळावा म्हणून १९८४ च्या जासईच्या लढ्यात उतरलेले दि. बा. पाटील. वसतिगृहात सगळ्या जातींच्या पोरांना एका पंगतीत बसवणारे आणि १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था उभारणारे कर्मवीर भाऊराव पाटील. पहिले दोघे आगरी, तिसरे जैन. यांच्यापैकी कुणाचंही मोठेपण गढीच्या दारातून आलेलं नाही.

पाटील हे सगळ्यांत ढळढळीत उदाहरण, पण एकटं नाही. अस्पृश्य मुलाला परदेशी शिकायला शिष्यवृत्ती देणारे बडोद्याचे सयाजीराव गायकवाड आणि त्याच मुलाने पुढे पुकारलेल्या काळाराम मंदिर सत्याग्रहाचं १९३० मध्ये नाशकात नेतृत्व करणारे दादासाहेब गायकवाड, दोघांचं आडनाव एक. महादजी शिंदे, विठ्ठल रामजी शिंदे, सुशीलकुमार शिंदे. पवार, चव्हाण, जाधव ही आडनावं मराठ्यांत आहेत, बंजाऱ्यांत आहेत, पारध्यांत आहेत, बौद्धांत आहेत. जोशी म्हटलं की ब्राह्मण असं धरून चालणाऱ्याने भटक्या जमातींच्या यादीत कुडमुडे जोशी आणि मेढंगी जोशी वाचावेत. ठाकूर हे आडनाव डोंगरातल्या आदिवासीचंही आणि जमीनदाराचंही. बाजीप्रभू देशपांडे कायस्थ प्रभू होते.

यावर नेहमी एक उत्तर मिळतं, आणि ते अगदीच टाकाऊ नाही. लोक म्हणतात, अहो, नेमकं कुठे काढायचंय? ढोबळ अंदाज काढायचाय. शंभरातली ऐंशी आडनावं तरी बरोबर लागतातच ना. गावातल्या माणसाला विचारलं तर तो घरनिहाय सांगेल.

गावातला माणूस सांगेल, हे खरं. गावात कोण कोण आहे हे लोकांना ठाऊक असतं. पण मग ती माहिती आडनावाची नसते, ओळखीची असते. तालुक्याच्या गावी, पुण्या-मुंबईत, पिंपरी-चिंचवडच्या सोसायट्यांत ती ओळखच नसते. तिथे यादी वाचणारा स्वतःच्या मुलखातला अर्थ परक्या नावावर लादतो. साताऱ्याचा कर्मचारी पाटील वाचून मराठा धरील, पनवेलचा आगरी धरील. दोघेही प्रामाणिक, आणि दोघांचाही आकडा चुकलेला. आणि ही चूक कोपऱ्यातल्या विरळ आडनावांत होत नाही. चुकतात ती नेमकी राज्यातली सगळ्यांत पसरलेली आडनावं, पाटील, पवार, शिंदे, जाधव, चव्हाण, गायकवाड. ज्या आडनावांवरून जात बिनचूक कळते ती माणसं संख्येने थोडी. ज्यांच्या संख्येवर आकडा फिरतो त्यांच्याच बाबतीत हा मार्ग आंधळा आहे. त्यातही भटके-विमुक्त सगळ्यांत आधी हरवतात, कारण त्यांनी मोठ्या समाजांची आडनावं घेतली आहेत आणि त्यांची घरं थोडी-थोडी विखुरलेली आहेत. पवार नावाचा पारधी यादीत मराठा होऊन बसला तर हरकत कोण घेणार? त्याच्या पालावर ती यादी पोहोचतच नाही.

सरकारची स्वतःची रीतही आडनाव मानत नाही, हे तर आणखी विचित्र. एखाद्या मुलाला जात प्रमाणपत्र हवं असेल तर ओबीसीसाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा, अनुसूचित जातीसाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा, विमुक्त-भटक्यांसाठी २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वीचा पुरावा मागतात. आजोबांच्या शाळेच्या रजिस्टरची नक्कल, कोतवाल बुकाचा उतारा, वंशावळ, सगळं. पडताळणी समितीपुढे ‘साहेब, आमचं आडनावच बघा ना’ असं म्हणणाऱ्याला दारातूनच परत पाठवतील, आणि योग्यच करतील. एका विद्यार्थ्याच्या प्रवेशासाठी जो पुरावा चालत नाही, त्यावर अख्ख्या राज्यातल्या समाजाची संख्या कशी काय ठरवता येते? मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रखडलेल्या निवडणुका बांठिया अहवालाच्या आधी जे ओबीसी आरक्षण होतं त्याप्रमाणे घ्यायला सांगितलं. म्हणजे एवढा खटाटोप करून काढलेला तो आकडा शेवटी बाजूलाच पडला.

आडनावावरून जात ओळखायची ही सवय सरकारी कचेरीत जन्मलेली नाही. ती आपल्या ओसरीवरची आहे. ‘कुठले पाटील?’ हा प्रश्न वरवर गावाची चौकशी करणारा वाटतो. उत्तर ‘अलिबागकडचे’ असं आलं की विचारणाऱ्याच्या चेहऱ्यावर हिशेब उमटतो, ‘भुसावळकडचे’ आलं की दुसरा हिशेब. भाड्याने खोली शोधणाऱ्या पोराला हे अनेकदा सोसावं लागतं आणि त्याला नकार मिळतो तो ‘आत्ताच दुसऱ्यांना दिली’ या शब्दांत. नोकरीच्या मुलाखतीत, लग्नाच्या बोलणीत, नव्या वर्गशिक्षिकेच्या पहिल्या हजेरीत हेच. गाव विचारायला माझी मुळीच हरकत नाही. गाव विचारण्याइतकं आपुलकीचं दुसरं काही नाही. पण खोलीचं भाडं आणि नोकरीची लायकी ठरवायला गाव लागत नाही. निवडीच्या पहिल्या चाळणीत आडनाव झाकूनच अर्ज वाचावेत, विशेषतः जिथे सरकारी पैसा आहे तिथे, असं मला वाटतं. स्पर्धा परीक्षेच्या उत्तरपत्रिकेवर आपण नाव लिहू देत नाही. मग मुलाखतीच्या दालनात आडनाव कशाला वाचून दाखवायचं?

काही मंडळी याच्याही पुढे जाऊन म्हणतात, आडनावंच टाकून द्या. ज्याला आपलं आडनाव ओझं वाटतं त्याने ते जरूर बदलावं, राजपत्राची वाट त्यासाठी मोकळी आहे आणि अनेकांनी अपमान टाळायला ती धरली आहे. पण सगळ्यांवर ती सक्ती मला पटत नाही. आडनावात गावं आहेत, धंदे आहेत, टोपणनावं आहेत, स्थलांतरं आहेत. माजी राष्ट्रपती प्रतिभाताईंनी देवीसिंह शेखावत यांच्याशी लग्न झाल्यावरही पाटील लावलं, यातही एका स्त्रीने आपलं नाव राखल्याची गोष्ट आहे. नावं ठेवू द्या. त्यांच्याकडून जे काम होत नाही ते काढून घेण्याचा हट्ट सोडा.

आणि जात मोजूच नका असंही मी म्हणत नाही. जिथे अन्याय जातीवरून झाला तिथे न्यायासाठी जात विचारावी लागेल, उघडपणे, कारण सांगून विचारावी लागेल. आडून अंदाज बांधणं हा विचारण्याला पर्याय होत नाही. २०११ च्या सामाजिक-आर्थिक जातनिहाय गणनेत काय झालं ते केंद्र सरकारनेच २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला सांगितलं. १९३१ च्या गणनेत जाती होत्या ४,१४७ आणि या वेळी नोंदल्या गेल्या ४६ लाखांहून जास्त. लोकांनी जातीच्या जागी आडनाव सांगितलं, गोत्र सांगितलं, कुळी सांगितली, एकच जात दहा तऱ्हांनी लिहिली गेली, आणि प्रगणकांनी जे कानावर पडलं ते उतरवलं.

म्हणून महाराष्ट्रात प्रगणकांचं प्रशिक्षण होईल तेव्हा पहिल्याच दिवशी फळ्यावर ‘पाटील’ हा शब्द लिहावा आणि त्यावर तासभर बोलावं. दारात उभं राहून ‘जात?’ विचारल्यावर समोरचा ‘पाटील’ म्हणाला, तर तिथे पेन थांबलं पाहिजे. ‘हे आडनाव झालं, दादा, जात काय लावता?’ असं नम्रपणे पुन्हा विचारता आलं पाहिजे, आणि ‘सांगायची नाही’ म्हणाला तर तसंच लिहिता आलं पाहिजे. जातींची आणि पोटजातींची यादी आधीच जाहीर व्हावी, त्यावर हरकती घेता याव्यात, लेवा पाटील आणि मराठा पाटील यांची नोंद कोणत्या नावाने करायची हे रावेरच्या आणि कराडच्या शिक्षकाला एकसारखं कळलेलं असावं. पाल, वीटभट्टी आणि ऊसतोडीच्या कोप्यांवर वेगळा प्रगणक जावा. घरातल्या बाईला तिची जात नवऱ्याच्या आडनावावरून न धरता तिलाच विचारावी. सूचनांची पुस्तिका मराठीत निघेल, तेव्हा त्यात एक वाक्य ठळक छापून येईल का, हे मी बघणार आहे: आडनावावरून जात लिहू नये.